दिवाळीतलं देणं: मन कधी भरतं, कधी थकतं

वसुबारस जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक ठरावीक संदेश फिरू लागतो. दुसऱ्याला मदत करा, मेंदूत आनंदाचं रसायन तयार होईल, ताण पळून जाईल. त्याच सुमारास बऱ्याच घरांत एखादी बाई भाजणी मळून, चकल्या तळून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबे भरून, भाचे-पुतण्यांची पाकिटं मोजून रात्री एक वाजता ओटा पुसत असते. संदेशाचा हिशोब खरा धरला तर आख्ख्या गल्लीत तीच सर्वांत आनंदी असायला हवी. प्रत्यक्षात कुणी 'जरा चहा टाकतेस का?' म्हटलं तरी तिला रडू फुटेल.

मग हे शास्त्र खोटं म्हणायचं का? तसंही नाही. दुसऱ्यासाठी काही केल्यानं मनाला उभारी येते याचे चांगले पुरावे आहेत. मात्र ती उभारी काही अटींवर मिळते, आणि आपल्या सणातलं बरंचसं देणं-घेणं त्या अटींत बसत नाही. त्यामुळे 'दिवाळीत आणखी द्या' असा सल्ला या लेखात सापडणार नाही. आहे त्यातलं थोडं कमी करून उरलेलं वेगळ्या रीतीनं कसं द्यायचं, ते बघू.

## प्रयोगांत नक्की काय दिसलं

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. एलिझाबेथ डन, लारा अॅक्निन आणि मायकेल नॉर्टन या तिघांनी तो केला. ४६ जणांना सकाळी एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात ५ डॉलर, कुणाच्या २०. अर्ध्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. उरलेल्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणावर तरी करा. संध्याकाळी विचारलं तेव्हा दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते. पाकिटात ५ होते की २०, यानं काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे, काय होईल असं आधी वेगळ्या लोकांना विचारलं तेव्हा बहुतेकांचा अंदाज उलटा होता: स्वतःवर खर्च, आणि तोही २० डॉलरचा.

४६ ही संख्या लहान आहे, ही शंका रास्त आहे. म्हणून पुढचं काम महत्त्वाचं. २०१८ मध्ये ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी अशा २७ प्रयोगांचे, म्हणजे एकूण ४,०४५ लोकांचे, निकाल एकत्र मांडले. परिणाम खरा निघाला, पण बेताचा. आयुष्य पालटेल असं काही नाही. एखादा दिवस थोडा बरा जाईल, इतपत. 'मदत करा आणि नैराश्य घालवा' छापाच्या मथळ्यांना या आकड्यांचा आधार नाही.

हे सगळं अमेरिका-कॅनडातलं, आपल्याला कशाला लागू पडेल? अॅक्निन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १३६ देशांतली सर्वेक्षणं तपासली. त्यांतल्या १२० देशांत दान देणं आणि समाधान यांचा संबंध सरळ दिसला, गरीब देशांतही दिसला. सर्वेक्षणावरून कारण ठरत नाही, आधीच समाधानी असलेले लोकच जास्त देत असतील. म्हणून याच अभ्यासात प्रयोगही केले गेले, आणि त्यांतल्या एकात भारतातले लोक होते.

## डोक्यात काय चालतं

मेंदूत काही भागांची एक साखळी आहे. भूक लागलेली असताना जेवण मिळालं, अनपेक्षित पैसे मिळाले, की ती जागी होते. तिला बक्षीस-यंत्रणा म्हणू. २००७ साली अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात १९ स्त्रियांना १०० डॉलर देऊन मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. त्यांच्या पैशातली काही रक्कम गरजूंना धान्य पुरवणाऱ्या संस्थेकडे जात होती: कधी कराप्रमाणे परस्पर कापून, कधी त्यांनी स्वतः 'हो' म्हटल्यावर. बक्षीस-यंत्रणा दोन्ही वेळा जागी झाली, पण स्वतःहून दिल्यावर जास्त. आपली पुढची सगळी चर्चा या एका फरकाभोवती आहे.

दुसरी गोष्ट लक्षाची. मन उदास असलं की ते स्वतःभोवतीच फिरत राहतं. वहिनी असं का बोलल्या, मुलगा यंदा का आला नाही, पगारात का भागत नाही. समोरच्या आजींना पथ्याचं काय चालेल याचा विचार करताना तेवढा वेळ ही चक्की थांबते. यात जादू काही नाही. लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी नीट बसतं, इतकंच.

ऑक्सिटोसिनबद्दल मात्र जपून. आपुलकीच्या नात्यांत या संप्रेरकाचा वाटा आहे, हे खरं. पण एक डबा दिला की ते वाढतं आणि म्हणून रक्तदाब उतरतो, अशी सरळ रेघ ओढण्याइतकं ज्ञान कुणाकडेच नाही. रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजून मेंदूत काय चाललंय हे सांगणंही अवघड असतं.

## तीन अटी, आणि दिवाळी त्यांत कुठे अडते

संशोधकांनी पुढे हेच शोधलं की देण्यानं कधी बरं वाटतं आणि कधी नाही. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या: देणं स्वतःच्या मनानं केलेलं असावं, घेणाऱ्या माणसाशी प्रत्यक्ष संबंध यावा, आणि आपल्या देण्यानं काय झालं ते दिसावं.

आता ही फूटपट्टी दिवाळीला लावून पाहा. ऑफिसच्या यादीप्रमाणे कुरिअरनं गेलेला सुक्यामेव्याचा खोका तिन्हींत नापास होतो. कुणी ठरवलं माहीत नाही, घेणारा भेटला नाही, आणि खोका त्याच्याकडून चौथ्याच घरी गेला. फराळाच्या डब्याचंही बहुतेक वेळा तेच. एके काळी तो मायेनं जात असेल. आता 'त्यांचा आला, आपला गेला पाहिजे' या हिशोबानं जातो. त्यांच्या डब्यात पाच जिन्नस होते म्हणून आपल्या डब्यात चार चालत नाहीत. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत सुंदर आहे, पण वीस घरांशी पाळायची म्हटली की तिची वसुली होते.

२०१० मध्ये नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी हा धागा तपासला. लोक काय म्हणतील या धास्तीनं, किंवा न केल्याची बोचणी नको म्हणून केलेल्या मदतीनं करणाऱ्याला फारसं बरं वाटत नाही; मनापासून केलेल्या मदतीनं वाटतं, आणि अशी मदत घेणाऱ्यालाही जास्त भावते. ओटा पुसणाऱ्या त्या बाईच्या चिडचिडीचं उत्तर इथे आहे. ती कमी प्रेमळ नाही. ती जे करते त्यातलं बहुतेक तिनं निवडलेलंच नसतं.

तिन्ही अटी पाळणारं एक जुनं मराठी उदाहरण म्हणजे भाऊबीज निधी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या स्त्री-शिक्षण संस्थेसाठी सेविका दिवाळीत घरोघर जात आणि मुलींच्या शिक्षणासाठी ओवाळणी मागत. देणाऱ्यासमोर जिवंत माणूस उभा, रक्कम आपल्या ऐपतीची, आणि ती कशाला लागणार हे स्पष्ट.

## किती करावं

इथे चकलीतल्या मोहनासारखं आहे: कमी पडलं तर चकली कडक, जास्त झालं तर तेलात विरघळते.

सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सहा आठवडे, दर आठवड्याला पाच चांगली कामं करायला सांगितली होती. पाचही एकाच दिवशी उरकणाऱ्यांना फायदा दिसला; आठवडाभर विखरून करणाऱ्यांना तितका नाही. विखुरलेली छोटी कामं रोजच्या रगाड्यात हरवून जात असावीत. दुसऱ्या एका अभ्यासाकडे पुढे येऊच, त्यात आठवड्यातून दोन दिवस, त्या दिवशी तीन, असं माप होतं.

यावरून दिवाळीसाठी व्यवहारी माप असं निघतं. दोन दिवस ठरवा, एक सणाच्या आधीचा आणि एक नंतरचा. त्या दिवशी तीन ते पाच गोष्टी, प्रत्येकी पंधरा मिनिटं ते तासभराच्या. आणि त्या वाढवण्याआधी कर्तव्याच्या यादीतल्या तेवढ्याच गोष्टी खोडा. ही दुसरी पायरी सोडली तर बाकी सगळं फुकट जातं, कारण थकव्यावर आणखी एक काम चढतं.

खोडायचं काय? पाच-सहा जिन्नसांऐवजी घरी दोनच करा, बाकी बचत गटाकडून घ्या. डबे फक्त जिथे दारात उभं राहून पाच मिनिटं बोलणं होईल, अशा घरी द्या. शुभेच्छांचे फॉरवर्ड पूर्ण बंद. त्याऐवजी तीन जणांना नाव घालून दोन ओळी लिहा, नाहीतर फोन करा.

## नेमकं कुणासाठी, कसं

घरकामाच्या मावशींचा बोनस चांगुलपणात मोजू नका. वर्षभराच्या कामावर एक महिन्याचा पगार ही शहरांत रूढ झालेली पद्धत आहे, ते त्यांचं येणं आहे. चांगुलपणा वेळेत आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दिलेल्या पैशांनी त्यांच्या मुलांचे कपडे येत नाहीत. आठ-दहा दिवस आधी द्या. आणि नरक चतुर्दशीला सकाळी त्यांच्या घरीही अभ्यंगस्नान असतं, म्हणून ती सुट्टी त्यांनी मागायच्या आत तुम्ही सांगा. उतरलेली साडी आणि भाऊबीजेनंतर उरलेला मऊ चिवडा हे दिल्यासारखं वाटतं. घेणाऱ्याला आपली किंमत काय ते कळतं.

एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांकडे लक्ष्मीपूजनाला गर्दी करू नका. त्या दिवशी फोन वाजत असतात, कुणीतरी डोकावतं. खरी पोकळी भाऊबीजेनंतर पडते. मुलं-नातवंडं बंगळुरूला, पुण्याला परत जातात, आकाशकंदील लटकत राहतो आणि घर एकदम गप्प होतं. भाऊबीजेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण दहा दिवस मिळतात, त्यातलाच एक निवडा. आधी फोन करून वेळ विचारा, अर्धा-पाऊण तास बसा. मधुमेह असेल तर लाडूऐवजी चिवडा-शेव, रक्तदाब असेल तर मीठ बेताचं, दात नसतील तर चकली घरीच ठेवा. तब्येतीची उलटतपासणी टाळा. त्याऐवजी त्यांचं मत लागेल असं काही विचारा. अनारसे तुपात का हसतात, पाकाची तार कशी ओळखायची, गावच्या शेताचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे. सल्ला दिलेला माणूस पाहुणचार मिळालेल्या माणसापेक्षा ताठ बसतो.

जिथे यंदा माणूस गेलंय, त्या घरी वर्षभर गोडधोड करत नाहीत, फराळ बाहेरून नेऊन देतात. ही रीत शहाणपणाची आहे आणि ती टिकवायला हवी. चुकतं ते असं: लोक डबा देतात आणि घाईनं निघतात, किंवा इतर सगळ्या गोष्टी बोलतात पण गेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव घ्या. 'काकांच्या हातचा कंदील यंदा नाही दिसला' असं म्हटल्यानं दुःख नव्यानं होत नाही, ते तिथे होतंच. बोलायला वाट मिळते. 'आता सावरायला हवं' हे वाक्य मात्र घरी ठेवून जा. आणि त्या नंबरवर पणत्यांचं रंगीत चित्र पाठवू नका.

अनाथाश्रम, वृद्धाश्रमात जाणाऱ्यांनी आधी फोन करून 'काय लागतं?' एवढं विचारावं. दिवाळीच्या आठवड्यात मिठाईचे ढीग लागतात आणि जानेवारीत तेल-डाळीची चणचण असते, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मोठ्यांचे डायपर, सॅनिटरी पॅड, औषधांचं बिल हे कुणाला सुचत नाही. मुलांना रांगेत उभं करून फोटो काढणार असाल तर जाऊच नका.

घंटागाडीवरच्या माणसांसाठी काही आणायची गरज नाही. फुटलेली पणती आणि बरणीची काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर 'काच' लिहून वेगळी द्या. फटाक्यांचा कचरा पूर्ण विझल्यावर, पाणी मारून. याला पाच मिनिटं लागतात आणि कुणाचा तरी हात वाचतो.

परदेशी असलेल्यांचं थोडं वेगळं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन हा कामाचा दिवस असतो. इथे संध्याकाळी सातला पूजा मांडून केलेला व्हिडिओ कॉल तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी साडेनऊला पोचतो (नोव्हेंबरात घड्याळं मागे गेल्यावर साडेआठला), माणूस मीटिंगमध्ये किंवा गाडीत. सगळं घर रोषणाईत आणि आपण ट्रॅफिकमध्ये, हे पाहून तिकडचं माणूस जास्त एकटं पडतं. त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून केलेला फोन जास्त कामाचा.

आणि घरातल्या घरात. सर्वांत दुर्लक्षित जागा हीच. तळणारीच्या शेजारी बसून करंज्यांची मुरड घालणं, तळणीची कढई आणि झारे घासणं, सामानाची यादी तिला न विचारता आठवणीत ठेवणं. 'काही मदत हवी का?' हा प्रश्न मदत नसतो, कारण काम वाटून देण्याचं कामही तिच्यावरच पडतं. 'चिवडा माझा' म्हणा आणि पोहे भाजण्यापासून डबा भरण्यापर्यंत तो पुरा करा.

## स्वतःशी चांगलं वागणं म्हणजे लाड नव्हे

पहाटे उठून उटणं लावायचं म्हणून रात्री एकपर्यंत जागायचं, हा दरवर्षीचा उलटा कारभार आहे. झोप तुटली की चिडचिड वाढते आणि मग समोरच्याचं साधं बोलणंही टोचतं. चकल्या मोडल्या तर स्वतःला जे बोलता ते मैत्रिणीला बोलाल का? नाही ना. मग स्वतःलाही तेवढीच सवलत द्या. व्यवहारात याचा अर्थ असा: रात्री साडेदहाला गॅस बंद, जे राहिलं ते राहिलं.

## 'पण यात शेवटी आपलाच स्वार्थ झाला ना?'

झाला, थोडा. उपाशी माणसाला जेवू घालताना आपल्यालाही बरं वाटलं, तर त्याचं जेवण कमी होत नाही. उलट ज्या देण्यानं देणाऱ्याला काहीच मिळत नाही ते दुसऱ्या वर्षी बंद पडतं. खटकायला हवी ती दुसरी गोष्ट: आपल्याला बरं वाटावं म्हणून समोरच्याला नको असलेली मदत गळ्यात मारणं. विचारून द्या, म्हणजे हा प्रश्न बराचसा सुटतो.

## 'आगाऊपणा वाटेल, म्हणून राहून जातं'

हा अडथळा पैशांपेक्षा मोठा आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोमध्ये बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या लोकांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि सांगितलं, हवं तर हा दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाला द्या. देणाऱ्यांना वाटलं, एवढ्याशा कपाचं काय कौतुक. घेणाऱ्यांना ते देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा मोलाचं वाटलं. हा अभ्यास २०२२ चा. त्याच वर्षीच्या आणखी एका संशोधनात, बरेच दिवस संपर्क नसलेल्या माणसाला आठवणीनं कळवलं तर त्याला किती बरं वाटेल, याचाही अंदाज लोक कमीच बांधतात असं दिसलं. आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका आनंद जास्त. तेव्हा दहा वर्षांत न भेटलेल्या वर्गमैत्रिणीला फोन लावायला निमित्त शोधत बसू नका, दिवाळी हे पुरेसं निमित्त आहे.

## 'लोक गैरफायदा घेतात'

घेतात काही. म्हणून माप आधी ठरवायचं: रक्कम किती, वेळ किती, आणि यातलं काय एकदाच. उसने दिलेले पैसे परत येणार नाहीत असं वाटत असेल तर, जमेल तेवढी लहान रक्कम 'ही परत नको' असं सांगून द्या, किंवा स्पष्ट नाही म्हणा. 'यंदा जमणार नाही, दादा' हे पुरेसं वाक्य आहे, त्यापुढे कारणांची माळ लावली की समोरचा एकेक कारण खोडत बसतो. मदत केल्यावर तुम्हाला दोन-तीन दिवस राग राग होत असेल, तर ती मदत तुमच्या मापाबाहेरची होती असं समजा.

## मनच खचलेलं असेल तर

'तूच आधी दुसऱ्याकडे बघ, बरं वाटेल' असं उदास माणसाला ऐकवणं क्रूर ठरू शकतं. तरी एक अभ्यास इथे उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी नैराश्य, चिंता किंवा ताणाची मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या १२२ जणांचे तीन गट केले. एकानं लोकांत मिसळण्याचे कार्यक्रम आखायचे, दुसऱ्यानं मनातले विचार लिहून तपासायचे, तिसऱ्यानं आठवड्यातून दोन दिवस, रोज तीन, छोटी चांगली कामं करायची. हे पाच आठवडे चाललं. लक्षणं तिन्ही गटांत कमी झाली. माणसांशी जोडलेपणाची भावना मात्र चांगली कामं करणाऱ्यांत जास्त वाढली. कामं किरकोळ होती, म्हणजे मित्रासाठी बिस्किटं भाजणं, कुणाला गाडीनं सोडणं, अशी.

याला उपचारांची जागा देता येणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, सणाचं काहीच नकोसं झालं असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. कुणी जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोललं तर 'भाऊबीज होऊ दे, मग बघू' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा, फोन लावून द्या, आणि त्याला एकट्याला घरात सोडून फटाके बघायला जाऊ नका.